काठी दिली, प्रश्नाचं काय?

(भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला की आपण मुलींच्या उन्हाळी शिबिराच्या तयारीला लागतो. पालक म्हणतात, "पोरींना लाठी शिकवा." मागणी रास्तच आहे. पण त्यावर बोलण्याआधी मला एका चित्रपटाबद्दल सांगायचं आहे.

निशा पाहुजा यांचा 'द वर्ल्ड बिफोर हर' हा माहितीपट २०१२ साली आला. त्यात दोन शिबिरं आहेत. एक मिस इंडिया स्पर्धेच्या वीस मुलींचं. दुसरं विश्व हिंदू परिषदेच्या दुर्गा वाहिनीचं, तेव्हाच्या औरंगाबादेतलं उन्हाळी शिबिर.

पहिल्या शिबिरात कोणाचे पाय सुंदर हे ठरवण्यासाठी मुलींना डोक्यावरून पांढरे कपडे घालून उभं करतात. हसू येतं आणि चीडही. अहो, बैलबाजारातसुद्धा आधी जनावराचं तोंड बघतात!

दुसऱ्या शिबिरात मुली लाठी आणि बंदूक शिकतात. आपल्याला एकही मुसलमान मैत्रीण नाही, असं एक शाळकरी मुलगी अभिमानाने सांगते. तिथे शिकवणारी प्राची चोवीस वर्षांची, धीट. तिला लग्न करायचं नाही. वडील म्हणतात, करावंच लागेल. वडिलांनी तिला मारलं, चटका दिला. तरी ती म्हणते, मुलगी असून त्यांनी मला जगू दिलं, हेच खूप. हजारोंना घोषणा शिकवू शकणारी मुलगी, आणि जगण्याचा हक्क मात्र बापाचे उपकार मानते!

त्याच चित्रपटात २००९ ची मिस इंडिया पूजा चोप्रा हिची आई भेटते. दुसरीही मुलगीच झाली, ती नवऱ्याला नको होती. ही बाई दोन्ही मुली घेऊन घराबाहेर पडली. तिला कोणी लाठी शिकवली नव्हती.

आपण भंडाऱ्यात बसलो आहोत. २९ सप्टेंबर २००६ ला याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत सुरेखा आणि प्रियंका भोतमांगे यांना, सुरेखाताईंच्या दोन मुलांसह, जमावाने ठार केलं. त्या जमावात गावातल्या बायकाही होत्या, असं सत्यशोधन अहवालांनी नोंदवलं आहे. बाईच्या अंगात बळ आलं म्हणजे ती दुसऱ्या बाईच्या बाजूने उभी राहीलच, असं नाही. जात आणि धर्म आधी उभे राहतात.

म्हणून लाठी शिकवूच, पण तेवढ्यावर थांबू नये. शिबिराचे नियम मुलींनीच ठरवावेत. सगळ्या टोल्यांतल्या मुलींनी एकत्र रांधावं, एका पंगतीत जेवावं. आणि रोज एक तास फक्त त्यांच्या प्रश्नांचा असावा. त्यात आम्हा ताईंनाही उलट विचारण्याची मुभा हवी. जिथे मुलीला "का?" म्हणता येत नाही, तिथे तिच्या हातातली काठीही दुसऱ्याच्याच मालकीची असते.