भिंतीवर बसलेली मुले
(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेत केलेले भाषण)



महोत्सव समितीने आमच्याकडे भाषण मागितले, तेव्हा मंदिराच्या बांधणीचा इतिहास ऐकावयास मिळेल, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. परंतु तो इतिहास आमच्याहून अधिक जाणणारे वृद्ध येथे पुढल्या बाकावर बसले आहेत. त्यांच्यासमोर तो सांगणे म्हणजे धारिष्ट्यच होय. म्हणून दर रविवारी मिस्सा चालू असता बाहेर कुंपणाच्या भिंतीवर जी मुले बसलेली असतात, त्यांच्याविषयी आम्ही बोलणार आहो.

दृढीकरणाचा संस्कार होईपर्यंत ही मुले धर्मशिक्षणाच्या वर्गास नियमाने येतात. संस्कार झाला, छायाचित्रे निघाली, की ती दिसेनाशी होतात. मग आईबाप आमच्याकडे येऊन म्हणतात, "फादर, आमच्या पोराला जरा समजावा." आम्ही समजावतो. पोर मान डोलावते व निघून जाते. मान डोलावणे म्हणजे ऐकणे नव्हे, हे कळावयास आम्हांस बरीच वर्षे लागली.

संत योहान बॉस्को ह्यांचे चरित्र सेमिनरीत आम्ही परीक्षेपुरते वाचले होते; त्याचे मर्म पुढे ठेचा खाल्ल्यावर उमगले. १८४१ सालच्या डिसेंबरची ८ तारीख, निष्कलंक मातेचा सण. इटलीतील तुरीन शहरी त्याच वर्षी गुरुदीक्षा घेतलेले डॉन बॉस्को मिस्सेची वस्त्रे परिधान करण्याच्या तयारीत होते. एक सोळा वर्षांचा पोरका मुलगा थंडीने आत येऊन कोपऱ्यात उभा राहिला. मंदिराच्या सेवकाने त्यास मिस्सेची सेवा करावयास सांगितले. ती येत नाही असे म्हणताच त्याने मुलास झोडपून बाहेर हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्यास परत बोलावून आणविले. हा माझा मित्र आहे, असे त्यांनी सेवकास सांगितले. वस्तुतः मुलाचे नावही त्यांस अद्यापि ठाऊक नव्हते. ते नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. वाचता येते काय? नाही. लिहिता? नाही. चरित्रकार सांगतात, की शेवटी त्यांनी शिट्टी वाजविता येते काय असे विचारले, आणि पोर हसले. धर्मशिक्षण त्यानंतर सुरू झाले, आधी नव्हे.

ही कथा आपणांपैकी अनेकांनी ऐकली असेल. तिच्यापुढला भाग मात्र क्वचितच सांगितला जातो, आणि आमच्या मते तोच अधिक मोलाचा आहे. तुरीनमध्ये खेड्यापाड्यांतून आलेली मुले गवंड्यांच्या हाताखाली राबत. रविवारी ती डॉन बॉस्कोंकडे येत. परंतु आठवड्यात ते स्वतः कामाच्या जागी, परांचीपाशी जाऊन त्यांची विचारपूस करीत. मालकांशी त्यांनी लेखी करारही केले. १८५२ सालच्या अशा एका करारात सुतारकाम शिकणाऱ्या मुलास मालकाने मारहाण करू नये व रविवारी त्यास सुटी द्यावी, अशी कलमे आहेत. मुलास प्रवचनातील प्रेम कळो वा न कळो, त्या कागदावरचे निश्चितच कळले असेल.

त्यांच्या संस्था वाढल्या. त्यांचे सालेशियन १९०६ साली तंजावरास व १९२८ साली मुंबईस आले. पण १८८४ सालच्या मे महिन्यात वृद्ध डॉन बॉस्कोंनी रोमहून आपल्या सहकाऱ्यांस एक पत्र धाडले, त्यात आनंदापेक्षा व्यथाच अधिक आहे. पूर्वी धर्मगुरू मुलांत मिसळून खेळत. आता ते बाजूस उभे राहून नुसती देखरेख करतात, असे त्यांस दिसले. मुलांवर आपले प्रेम असणे पुरेसे नाही, ते मुलांस जाणवलेही पाहिजे, हा त्या पत्राचा आशय. बंधुभगिनींनो, भिंतीवरील मुलांकडे आम्ही वेदीवरून जी नजर टाकतो, ती ह्या देखरेखीचीच असते, हे कबूल करावयास हवे.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. ज्याच्या बाबतीत ती घडली, त्याची परवानगी घेऊनच सांगत आहो. दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊन बसे. एके दिवशी त्याने मनातील एक गोष्ट सांगितली. ती कोणती, हे येथे अप्रस्तुत आहे. ते पापनिवेदन नव्हते. त्यात कोणाच्या जिवास धोकाही नव्हता. वडिलांस कळविणे हे आपले कर्तव्य, असे आम्हांस वाटले, आणि आम्ही कळविले. मुलास मात्र एका शब्दाने विचारले नाही. दुसऱ्या दिवशी ओटी रिकामी होती. मुख्य म्हणजे त्याचे सोबतीही येईनासे झाले.

ह्यावरून मुलांची प्रत्येक गोष्ट पोटात ठेवावी, असे मात्र कोणी समजू नये. मूल जिवाचे बरेवाईट करून घेण्याच्या विचारात असेल, अथवा कोणी त्याच्याशी दुष्कृत्य करीत असेल, तेव्हा मौन हे पाप होय. आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलांवरील लैंगिक अत्याचार ठाऊक असून न कळविणे हा गुन्हाही आहे. ते दुष्कृत्य करणारा धर्मगुरू असला, तरीही. ह्या बाबतीत ख्रिस्तसभेने जगात ठिकठिकाणी जे झाकले, त्याची किंमत मुलांनी मोजली. म्हणून हल्ली आम्ही मुलास आरंभीच सांगतो: "तुझे बोलणे आमच्यापाशी राहील, पण तुझ्या जिवाला धोका दिसला, तर ते सांगावे लागेल, आणि सांगण्यापूर्वी तुला कळवू." हे ऐकून काही मुले उठून जातात. जी बसतात, ती खरे बोलतात.

पालकांस विनंती इतकीच, की मूल आमच्याशी काय बोलले हे आम्हांस विचारू नये. कॅरमचा फळा आणला आहे. दर रविवारी चार वाजता सभागृह उघडे राहील, दारे सताड उघडी, आणि युवा संघाचे दोघे प्रौढ कार्यकर्ते नेहमी हजर असतील. तेथे प्रवचन होणार नाही. कॅरममध्ये आम्ही फार वाईट खेळतो, ही गोष्ट मुलांस पहिल्याच रविवारी कळली आहे आणि तिचा उपयोग होत आहे.

तो मुलगा आता तिशीचा झाला आहे. मागल्या वर्षी एका लग्नात आमची गाठ पडली, तेव्हा आम्ही त्याची क्षमा मागितली. तो खुर्च्या लावीत होता. "बरं, फादर," इतकेच म्हणून त्याने आमच्या हाती दोन खुर्च्या दिल्या, आणि उरलेल्या आम्ही दोघांनी मिळून लावल्या.