उपचाराची मात्रा आणि बाईचा वेळ

(नगर जिल्ह्यातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय, ‘उपचारांची तीव्रता आणि त्यांचा परिणाम’. नाव ऐकून मघाशी काहीजणींनी एकमेकींकडे पाहिलं, ते माझ्या लक्षात आलं. पण विषय जड नाही, आपल्या घरातलाच आहे. आधी दोन घरांची गोष्ट सांगते.

पाथर्डी तालुक्यातलं एक गाव. एका घरात पुरुषाच्या अंगावरून वारं गेलं. वय पंचावन्नच्या आसपास, उजवी बाजू लुळी. दवाखान्यातून घरी सोडताना व्यायामाचा एक कागद हातात दिला. बायकोला वाचता येत नव्हतं. तिने तो मुलाकडून वाचून घेतला आणि पाठ केला. सकाळी चूल पेटवायच्या आधी एकदा, दुपारी रानातून आल्यावर एकदा, रात्री भांडी झाल्यावर एकदा. धरून उठवायचं, भिंतीशी उभं करायचं, ओट्यापर्यंत चालवायचं. चार महिन्यांनी तो माणूस काठी टेकत पारावर जाऊन बसू लागला.

दुसरं घर त्याच गावातलं. इथे वारं गेलं ते बाईच्या अंगावरून. वय जवळपास तेच, बाजू तीच, कागदही तसाच. दोन महिन्यांनी मी गेले तेव्हा कागद देवळीत होता. सून म्हणाली, “ताई, मी पहाटंच खुरपायला जाते, लेकरू लहान हाय. कवा करून घेऊ?” नवरा म्हणाला, “डाव्या हातानं लसूण सोलती, भाजी निवडती. तेवढा व्यायाम बास की.” बाईचा उजवा हात मांडीवर तसाच पडलेला, बोटं आखडलेली.

दोन माणसांचे झटके कधीच अगदी सारखे नसतात, हे मी जाणते. पण गेल्या वीस वर्षांत ही जोडी मी इतक्या गावांत पाहिली आहे की तिला योगायोग म्हणवत नाही. आजार एक, कागद एक. फरक पडला तो मात्रेचा.

गोळ्यांची मात्रा आपल्याला कळते. दिवसातून दोनदा, पाच दिवस. तीन दिवसांनी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या की आजार उलटतो, हेही आता खेड्यातल्या बाईला ठाऊक आहे. पण व्यायामालाही मात्रा असते, बोलून केलेल्या उपचारालाही असते, हे आपल्याला कोणी सांगत नाही. एका वेळी किती वेळ, आठवड्यातून किती वेळा, किती महिने, आणि त्या वेळात खरोखर किती काम झालं? या चार गोष्टी मिळून मात्रा होते. ‘फिजिओ चालू आहे’ या वाक्यातून यातलं काहीच कळत नाही.

लुळ्या पडलेल्या हाताचं बघा. झटका बसतो मेंदूला. मेंदूचा जो भाग वाचला आहे त्याला हात हलवायचं काम नव्याने शिकावं लागतं, आणि मेंदू शिकतो तो गिरवून. लहानपणी पाटीवर अ एकदा काढून तो आला का? अमेरिकेत काही संशोधकांनी उपचार चालू असताना शेजारी बसून मोजणी केली. २००९ साली ती छापून आली. एका बैठकीत रोगी लुळ्या हाताने कामाची हालचाल करत होता सरासरी ३२ वेळा. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसला, तिथे हा आकडा शेकड्यांत होता. म्हणजे मोठ्या देशातल्या सुसज्ज दवाखान्यातही मात्रा अपुरीच पडत होती. मग आठवड्यातून एकदा एस.टी.ने तालुक्याला जाऊन, पंधरा मिनिटं हात हलवून घेऊन परत येणाऱ्या बाईचं काय होत असेल?

मात्रा भरपूर दिली तर काय होतं, तेही पाहिलं गेलं आहे. चांगला हात मोज्यात बांधून ठेवायचा आणि दोन आठवडे रोज काही तास दुखऱ्या हातानेच काम करायला लावायचं, अशी एक पद्धत आहे. ज्यांच्या हातात थोडी तरी हालचाल उरली होती, अशांचा हात त्याने सुधारला, आणि ती सुधारणा वर्षभर टिकली. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. गंमत बघा. दुसऱ्या घरातल्या बाईचं नेमकं उलटं चाललं होतं. सगळी कामं डाव्या हाताने, म्हणजे उजव्याला कायमची सुट्टी. काम तर ती करत होती, पण उपचार होत नव्हता. ‘बाई घरात राबतेच, तिला वेगळा व्यायाम कशाला’ असं जे म्हणतात ना, त्याला हे उत्तर आहे. राबणं आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण म्हणून जितकं जास्त तितकं चांगलं, असंही समजू नका. पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत २,१०४ रोग्यांवर एक मोठी चाचणी झाली, २०१५ साली तिचा निकाल आला. झटका आल्यावर २४ तासांच्या आत रोग्याला पुन्हा पुन्हा अंथरुणाबाहेर काढलं, तर तीन महिन्यांनी चांगले सावरलेले निघाले ४६ टक्के. नेहमीच्या पद्धतीने, जरा दमाने घेतलं त्यांच्यात ५० टक्के. म्हणजे पहिल्याच दिवशी घाई केली तर नुकसान होतं. आणखी एका प्रयोगात, झटका येऊन बरेच महिने उलटलेल्या लोकांकडून हाताच्या हालचाली कोणाकडून ३,२००, कोणाकडून ६,४००, कोणाकडून ९,६०० करून घेतल्या. जास्त करणाऱ्यांना जास्त फायदा झाला नाही. थोडक्यात, मात्रा फार कमी असली तर ती लागूच पडत नाही. ती वेळ बघून द्यावी लागते, माणूस बघून द्यावी लागते. आंधळेपणाने वाढवून उपयोग नाही.

आता आपल्या कामाचा मुद्दा. ही मात्रा द्यायची कोणी?

सगळीकडे उत्तर एकच, ‘घरच्यांनी’. कागदावर लिहिलेलं असतं, ‘नातेवाइकांनी व्यायाम करून घ्यावा’. हे नातेवाईक म्हणजे कोण? बायको, सून, लेक. याची तपासणी आपल्या देशातच झाली. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रोगी घेतले. निम्म्यांच्या घरच्या माणसाला व्यायाम कसा करून घ्यायचा ते शिकवलं, घरी जाऊनही दाखवलं. निम्म्यांना नेहमीचेच उपचार. निकाल २०१७ साली जाहीर झाला. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले, दोन्हीकडे ४७ टक्के. काही फरक नाही.

याचा अर्थ घरच्यांनी काही करू नये असा नाही. पहिल्या घरातल्या बायकोने केलं, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण मी यातून एक धडा घेते. घरातल्या बाईला चार गोष्टी शिकवल्या की उपचाराची जबाबदारी संपली, असं सरकारने आणि दवाखान्यांनी समजू नये. तिचा वेळ फुकटचा नाही आणि तो विहिरीच्या पाण्यासारखा उपसत राहावा असाही नाही. तिच्या वेळेत आधीच पाणी आहे, सरपण आहे, रोजंदारी आहे, लेकरं आहेत. आणि तीच आजारी पडली तर? तिला मात्रा द्यायला घरात दुसरी ‘बायको’ नसते.

मग करायचं काय? याचं थोडं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या बायका आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, शिकायच्या, परत आपल्या गल्लीत जायच्या. त्यांचं शिक्षणसुद्धा थोडं थोडं, पण दर आठवड्याला आणि वर्षानुवर्षं. एकदा शिबिर घेऊन प्रमाणपत्र हातात दिलं, असं ते नव्हतं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या कामासाठी.

त्यांनी कुष्ठरोग्यांना वेगळं काढलं नाही, इतर रोग्यांबरोबरच उपचार केले. कुष्ठरोगाचं उदाहरण मात्रेसाठी फार चांगलं आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधांची पद्धत सांगितली. आज सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की रोग जातो. पण बधिर झालेला पाय पुष्कळदा बधिरच राहतो. काटा टोचला तरी कळत नाही, जखम चिघळते, बोट जातं. त्यावर उपाय एवढाच की रोज पाय पाण्यात भिजवायचे, तेल लावायचं, तळवा निरखून बघायचा, मऊ चप्पल घालायची. रोज म्हणजे रोज, जन्मभर. ही मात्रा कुठला मोठा दवाखाना देणार? ती द्यायला आठवण करणारं, पाय हातात घ्यायला न किळसणारं माणूस शेजारीच हवं. जामखेडच्या सेविकांनी ते केलं. त्याच प्रकल्पात जयपूर फूटही बनतो आणि तो बनवायला स्थानिक माणसं शिकली. पाय बसवून झाला की काम संपत नाही. पट्टा सैल होतो, त्वचा सोलते. दुरुस्ती जवळ असेल तर माणूस पाय वापरतो, लांब असेल तर पाय कोपऱ्यात पडून राहतो.

मनाच्या आजाराचंही असंच आहे. गोव्यात खोल उदासीने ग्रासलेल्या स्त्रीपुरुषांसाठी सहा ते आठ बैठकांचा एक उपचार तयार केला. बैठका घेणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले साधे समुपदेशक होते. २०१७ साली निकाल आला. तीन महिन्यांनी हे बोलणं मिळालेल्यांपैकी ६४ टक्के उदासीतून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. शिवाय या उपचारातल्या बायकांनी नवऱ्याच्या मारहाणीचं प्रमाण कमी सांगितलं. तिथेच दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी चार बैठकांपर्यंतचा वेगळा उपचार केला. दारू आटोक्यात आलेले जास्त निघाले, ३६ टक्के विरुद्ध २६ टक्के. पण बायकोला होणाऱ्या मारहाणीत फरक दिसला नाही. ‘दारू सुटली की मार थांबेल’ असं सांगून बाईला परत सासरी धाडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपल्या समुपदेशन केंद्रांसाठीही यात धडा आहे. एका भेटीत बाईचं सगळं ऐकून घेतलं, रडून मोकळी झाली, नोंद झाली, एवढ्यावर आपण थांबतो. ती दुसऱ्यांदा का आली नाही, हे विचारायला कोण जातं?

आणि मग दिवाळी येते. आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची माणसं कोयता घेऊन कारखान्याला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. चार महिने नीट चाललेला उपचार तिथेच तुटतो. म्हातारी मागे राहिली तर करून घेणारं कोणी नाही. बाई टोळीबरोबर गेली तर पाचटाच्या कोपीत कसला व्यायाम आणि कसली बैठक? एस.टी.चं तिकीट २०२३ पासून बायकांना अर्धं झालं, चांगलं झालं. पण बुडालेली रोजंदारी कोणी अर्धी भरून देत नाही.

म्हणून आपण मंडळांनी काय करायचं, तेवढं सांगून थांबते.

पहिलं, घरी सोडताना डॉक्टरांना विचारायचं. दिवसातून किती वेळा, किती वेळ, किती महिने, आणि सुधारणा नाही दिसली तर कधी परत यायचं? ‘थोडा थोडा व्यायाम करा’ हे उत्तर घेऊन घरी यायचं नाही.

दुसरं, आजारी बाई असेल त्या घरात मात्रेची वाटणी लावायची. सकाळी नवरा, दुपारी मंडळातली एक शेजारीण, संध्याकाळी मुलगा. मुलगा म्हणते, मुलगी नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज रेघ मारायची. रेघा दिसल्या की कोणाची पाळी चुकली तेही दिसतं.

तिसरं, प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या वारी व्यायामोपचार मिळावा ही मागणी ग्रामसभेत लावून धरायची. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यावरही तो पोचला पाहिजे.

चौथं, हे काम गुपचूप आशाताईंच्या गळ्यात टाकायचं नाही. त्यांच्या मोबदल्याचा काही भाग कामावर मोजून मिळतो. काम वाढवायचं तर मोबदलाही वाढवून द्या, हे आपणच म्हटलं पाहिजे. नाहीतर एका बाईची मात्रा दुसऱ्या बाईच्या फुकट मेहनतीतून भागवण्यासारखं होईल.

त्या दुसऱ्या घरातल्या बाईचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. उशीर झाला होता. तरी सुनेच्या दोन मैत्रिणींनी आणि नवऱ्याने पाळ्या लावल्या. नवरा आधी लाजला, मग करू लागला. सहा महिन्यांनी बाईची बोटं पूर्ण उघडली नाहीत, पण उजव्या हाताने परात धरता येऊ लागली आणि डाव्याने पीठ मळता येऊ लागलं. पहिल्या दिवशीच हे झालं असतं तर आणखी किती मिळालं असतं, असा हिशेब मी तिच्यासमोर केला नाही. तुमच्यासमोर मात्र करते. आज तुमच्या गावात अशी एखादी बाई असेल, तर आजच संध्याकाळी तिच्याकडे जा, आणि तो कागद कुठे आहे ते विचारा.