आज घरात काय आहे?



शनिवारी सकाळी सफाळ्याला किंवा केळवे रोडला गाडी थांबली की पाठीवर पिशव्या अडकवलेली मंडळी उतरतात आणि रिक्षावाल्याला पहिला प्रश्न विचारतात, "जेवायला चांगलं कुठे मिळेल?" माकुणसार, उसरणी, एडवण, केळवे, माहीम या आमच्या पट्ट्यात त्याचे उत्तर बहुधा एखाद्या फाटकावरच्या पाटीत सापडते: 'घरगुती जेवण मिळेल.' या पाटीतल्या 'घरगुती' या शब्दाविषयी मला आज बोलायचे आहे. त्यासाठी आपल्याला थोडे लांब, थेट क्युबाला नेतो. कारण घरगुती खानावळ म्हणजे काय, हे त्या देशाने चक्क कायद्यात लिहून ठेवले होते.

क्युबात १९६८ साली उरलीसुरली खासगी दुकाने आणि उपाहारगृहे सरकारने ताब्यात घेतली. रेशनचे पुस्तक तर १९६२ पासूनच होते. पुढे १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, मदत आटली आणि देशात अन्नाची भीषण टंचाई आली. त्याच सुमारास, १९९२ मध्ये, हरकिशनसिंग सुरजीत यांच्या पुढाकाराने भारतातून तिथे गव्हाचे जहाज गेले होते, हे आपल्यापैकी काहींना आठवत असेल. त्या दिवसांत माणसे घरातल्या घरात, गुपचूप चार पाहुण्यांना पैसे घेऊन जेवू घालू लागली. शेवटी १९९५ मध्ये सरकारने याला रीतसर परवानगी दिली. अटी मात्र कडक होत्या. खुर्च्या बारापेक्षा जास्त नकोत, काम घरच्याच माणसांनी करायचे, शेवंड आणि गोमांस वाढायचे नाही. बारा खुर्च्या म्हणजे आपल्याकडची एक छोटी पंगतच! ही मर्यादा २०११ मध्ये पन्नासावर गेली.

या खानावळींना तिथे 'पालादार' म्हणतात. शब्दाचा अर्थ टाळू, म्हणजेच चव. हे नाव आले एका ब्राझिलियन दूरदर्शन मालिकेतून. तिची नायिका समुद्रकिनाऱ्यावर सँडविच विकता विकता खाद्यपदार्थांचा मोठा व्यवसाय उभारते आणि त्याला 'पालादार' हे नाव देते. केळव्याच्या किनाऱ्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या बायांना ही गोष्ट काही परकी वाटणार नाही.

अशा साध्या पालादारमध्ये ताटात काय येते? काळ्या घेवड्यासारख्या दाण्यांबरोबर शिजवलेला भात, तळलेली केळी, लसूण आणि आंबट रस घातलेला उकडलेला कसावाचा कंद, आणि बहुधा डुकराचे मांस. 'रोपा व्हिएखा' नावाचा एक प्रसिद्ध पदार्थ आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'जुने कपडे'. शिजलेल्या मांसाचे धागे चिंध्यांसारखे दिसतात म्हणून. हा मूळचा गोमांसाचा. बंदी आली, तेव्हा घरच्या स्वयंपाकिणींनी तो मेंढीच्या मांसाचा केला. नाव तेच, हातखंडा तोच. घरात जे आहे त्यातून भागवले.

आता नीट पाहा. त्यांच्या ताटातला भात, केळे, ऊस हे सारे आपल्या बाजूच्या जगातून तिकडे गेलेले. आणि आपल्या वाडीतली मिरची, रताळे, पेरू, पपई, अननस हे तिकडून इकडे आलेले. केळवे-माहीमचे किल्ले १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. त्यांच्याच जहाजांनी यातले बरेचसे आणले. डहाणू-घोलवडचा चिकू, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तोही मुळात मेक्सिको आणि कॅरिबियनकडचाच. तेव्हा माकुणसारचा माणूस हवानात जेवायला बसला, तर तो अगदीच परक्या ताटावर बसलेला नसतो.

मात्र तिथे बसण्याची एक रीत आहे. पदार्थांची यादी लांबलचक असली, तरी तीन नावे घेतल्यावर तिन्हींना "नो आय", म्हणजे "नाही", असे उत्तर मिळू शकते. यात उद्धटपणा नाही. बाजारात माल आलेला नसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर संपूर्ण देशाची वीज गेली होती. अशा ठिकाणी यादी बाजूला ठेवून "आज काय आहे?" एवढेच विचारावे. शाकाहारी मंडळींनी आणखी एक विचारावे. "मांस नको" म्हटल्यावर मांसाचे तुकडे वगळतात, पण भात आणि दाणे डुकराच्या चरबीत शिजलेले असू शकतात. म्हणून चरबीचे वेगळे विचारावे आणि स्पष्ट विचारावे.

आणि आता परत आपल्या गावी येऊ. क्युबात 'आखियाको' नावाचा रस्सा करतात. कसावा, रताळी, अळकुड्यांसारखे कंद, कच्ची केळी, मका आणि मांस एकाच भांड्यात. फर्नांडो ऑर्तिस या तिथल्या विद्वानाने १९३९ च्या एका व्याख्यानात क्युबा देशालाच आखियाकोची उपमा दिली. आपल्याकडेही थंडीत उकडहंडी होते. कोनफळ, रताळी, वालपापडी, ओली लसूण मडक्यात भरून वाफेवर शिजवायची. त्यांच्या रश्श्याची आणि आपल्या हंडीची भावंडे शोभावीत. पण केळव्याला आलेल्या किती पाहुण्यांनी उकडहंडी मागितली? मागणी होते पनीरची, नूडल्सची, आणि जून-जुलैत मासेमारी बंद असतानाही ताज्या पापलेटची!

घरगुती खानावळ चालवणारी बाई दहा माणसांचे रांधते. तिचे शीतगृह नसते, भांडवल थोडे असते. जे खपते तेच ती उद्या करणार. दोन पावसाळे कोणी वालाचे बिरडे मागितले नाही, तर वाल मोड आणून सोलण्याचा खटाटोप ती का करील? आणि तिने केले नाही, तर तिची सून कुठून शिकेल? क्युबात टंचाईने ताट आखडले. आपल्याकडे ते पाहुण्यांच्या फर्माइशीने आखडते आहे. तिथल्या बायकांनी पदार्थ बदलून नाव राखले. इथे पाटीवर 'घरगुती' हे नाव राहील आणि घरचा पदार्थ निघून जाईल, ही मला भीती वाटते.

उपाय अवघड नाही. या बाजूला यायचे असेल तर आदल्या दिवशी फोन करा. किती माणसे, कोण मासे खातो, कोण खात नाही, ते सांगा. आणि मग विचारा, "मावशी, तुमच्या घरी उद्या काय करणार आहात? तेच आम्हालाही चालेल." तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण असेल, तर ते खा. किमतीत घासाघीस करू नका. त्या भाकऱ्या पहाटे उठून थापलेल्या असतात. हवाना असो की माकुणसार, घरच्या माणसांच्या पंगतीत जागा मिळवण्याचा दुसरा मार्ग नाही.