‘पुण्याजवळ’ म्हणायचं मी नेपल्समध्ये सोडलं

बऱ्याच जणांचा मेसेज होता, "दादा, युरोपात राहतोस तर एखादी वीकेंड ट्रिप सांग की." आज सांगतो. पण आधीच बोलून ठेवतो. ही ट्रिप सुरू होते इटलीत, नेपल्स आणि पॉम्पेईला, आणि संपते आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरमध्ये. मधे माझी फजिती आहे. तीही सांगणार आहे.

थोडी पार्श्वभूमी. मी धाराशिवचा. बारावीपर्यंत तिथंच, मग बीटेक, मग पुण्यात नोकरी, आणि आता दोन वर्षं झाली, म्युनिकमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इथं दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, "भारतात कुठला?" सुरुवातीला मी नीट सांगायचो, "धाराशिव, आधीचं उस्मानाबाद." समोरचा नुसती मान हलवायचा. तुळजापूर म्हटलं की मराठी माणसाला कळायचं, बाकीच्यांना तेही नाही. एकदा एका भारतीय सहकाऱ्यानं माझ्यासमोरच जिल्ह्याचं नाव फोनवर शोधलं आणि जे पहिलं दिसलं ते वाचून दाखवलं. दुष्काळ. नीती आयोगाची आकांक्षित जिल्ह्यांची यादी. तो चिडवत नव्हता, पण मला लागलं. त्या दिवसापासून मी उत्तर बदललं. "पुण्याजवळ."

आता धाराशिव ते पुणे अडीचशे किलोमीटर. म्युनिकहून दक्षिणेला एवढं अंतर गेलं तर माणूस ऑस्ट्रिया ओलांडून इटलीत पोचतो. पण माझ्यासाठी ते ‘जवळ’ झालं होतं.

तर ट्रिप. माझा फ्लॅटमेट नागपूरचा. त्यानं शुक्रवारची रात्रीची फ्लाइट शोधली, दोन तासांच्या आत नेपल्स. तारखा त्यानं मुद्दाम धरल्या होत्या. इटलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांना तिकीट नसतं. हे लिहून ठेवा, पैसे वाचतात. गर्दी मात्र असते, सकाळी लवकर जायचं.

शनिवारी पॉम्पेई. नेपल्सच्या स्टेशनवरून छोटी ट्रेन आहे, पाऊण तासाच्या आत सोडते. इसवी सन ७९ मध्ये शेजारचा व्हेसुव्हियस फुटला आणि हे अख्खं गाव राखेखाली गेलं. त्यामुळे सगळं जिथल्या तिथं राहिलं. दगडी रस्त्यांवर बैलगाडीच्या चाकांच्या चाकोऱ्या पडल्यात, बोट घालून बघता येतात. रस्ता ओलांडताना पाय भिजू नयेत म्हणून मधे उंच दगड ठेवलेत. कोपऱ्याकोपऱ्यावर खाण्याची दुकानं, ओट्यातच रांजण बसवलेले. आपला नाश्ता सेंटरच समजा. चांगले बूट घाला, टोपी घ्या आणि रिकामी बाटली ठेवा, आत पाणी मिळतं. सावली मात्र जवळजवळ नाही.

तिथला मुख्य बाजाररस्ता आहे, त्याला आज ‘व्हिया देल अब्बोंदान्झा’ म्हणतात. त्याचा अर्थ समृद्धीचा रस्ता. फ्लॅटमेट लगेच म्हणाला, "बघ, समृद्धी महामार्ग नागपूरहूनच सुटतो." दिवसभर त्याचं हेच चाललं होतं. त्या रस्त्यालगत एक घर आहे, ‘भारतीय मूर्तीचं घर’. नाव वाचून आम्ही फोटो काढला आणि पुढं गेलो. मूर्ती तिथं नाही, नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

म्हणून रविवारी तिकडं. या संग्रहालयात एक ‘गुप्त दालन’ आहे. पॉम्पेईत सापडलेली शृंगारिक चित्रं आणि मूर्ती तिथं ठेवल्यात. कित्येक वर्षं ते सगळ्यांना उघडं नव्हतं. आम्ही दोघं जरा खाली मान घालून आत शिरलो. इतक्या लांब येऊनही मागून काकू बघतायत असं वाटत होतं. आणि तिथं काचेच्या पेटीत ती उभी होती.

हस्तिदंताची बाई. साधारण २४ सेंटीमीटर, म्हणजे वीतभर. हातात बांगड्यांची रास, पायात जाडजूड वाळे, कमरेला मेखला, गळ्यात हार, केसांचा मोठा संभार. दोन बाजूंना दोन छोट्या दासी. डोक्यावर एक भोक आहे. त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा फर्निचरचा भाग असावी, असं अभ्यासक म्हणतात. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात ती सापडली. आधी तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता बरेच जण यक्षी मानतात. ७९ साली ज्या घरावर राख पडली, त्या घरात ही आधीच येऊन बसलेली होती.

आम्ही बराच वेळ तिथंच उभे होतो, म्हणून दालनातल्या कर्मचारी बाईंनी विचारलं, "इंडिया? कोणतं शहर?" फ्लॅटमेट म्हणाला, "नागपूर." मी म्हणालो, "पुण्याजवळ."

बाहेर आलो. पायऱ्यांवर बसून मी फोनवर त्या मूर्तीबद्दल वाचायला घेतलं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात एक नाव आलं. अशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती भारतात सापडली आहे. कुठं? तेर. जिल्हा उस्मानाबाद. मी ते वाक्य परत वाचलं. मग फोन खाली ठेवला.

मंडळी, तेर आमच्या घरापासून वीस-पंचवीस किलोमीटर आहे. माझी सख्खी आत्या तिथं दिली आहे. लहानपणी दर दिवाळीला आम्ही तेरला. गोरोबाकाकांचं दर्शन, आत्याच्या हातची पुरणपोळी, तेरणेच्या काठानं एक चक्कर आणि परत. गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. त्यांनी गावच्या पांढरीत, शेतात निघणाऱ्या जुन्या वस्तू गोळा करून जपल्या. ती हस्तिदंती मूर्ती त्यांच्याच संग्रहातली. मी त्या दारावरून कितीदा गेलो असेन. आत एकदाही नाही. शाळेची सहल गेली अजिंठा-वेरूळला, आणि मी विमानानं पॉम्पेईला.

फ्लाइट रात्रीची होती, तोवर मी वाचतच राहिलो. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं एक पुस्तक आहे, ‘पेरिप्लस’. व्यापाऱ्यानं व्यापाऱ्यांसाठी लिहिलेलं, कुठल्या बंदरात काय मिळतं त्याचं. त्यात लिहिलंय, भरूचहून वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणहून दहा दिवसांवर तगर. तगरहून साधं सुती कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून भरूचला येते. हे तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट नावाच्या अभ्यासकानं १९०१ मध्ये मांडलं.

आता रूट लावून बघा. तेरहून महिनाभर बैलगाडी. भरूचला जहाज. मग मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रातली इजिप्तची बंदरं. तिथून उंटावर नाईल नदीपर्यंत, नदीतून अलेक्झांड्रिया, आणि तिथून जहाजानं इटलीतलं पुतेओली. ते पुतेओली म्हणजे आजचं पोझुओली, आम्ही बसलो होतो तिथून मेट्रोनं जाता येतं. प्लिनी नावाचा रोमन लेखक तक्रार करतो की भारत दरवर्षी आपल्याकडून ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. सेस्टर्स म्हणजे त्यांचं नाणं. आणि हा प्लिनी ७९ साली व्हेसुव्हियसच्याच उद्रेकात गेला.

इथं जरा थांबा. लगेच फॉरवर्ड बनवू नका, की पॉम्पेईची मूर्ती तेरमध्ये बनली. मलाही तो मोह झाला होता. पण त्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, आणि ही लिपी वायव्येकडची, गांधार भागातली. त्यामुळे ती नेमकी कुठं घडली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही याच धाटणीचं हस्तिदंती काम मिळालंय. कोडमध्ये दोन फंक्शन सारखी दिसली म्हणून एक दुसऱ्यातून कॉपी केलं असं आपण म्हणत नाही, तसंच हे. जेवढं पक्कं आहे तेवढंच पुरेसं मोठं आहे. आमच्या गावाचं नाव परदेशातल्या व्यापाऱ्याला पाठ होतं, आणि आमच्याकडचं कापड त्या बाजारात जात होतं. आणि मी ते नाव सांगायला लाजत होतो.

एअरपोर्टवरून आत्याला फोन लावला. म्हटलं, "आत्या, तू लामतुऱ्यांचं म्युझियम बघितलंस का?"

ती म्हणाली, "आरं, रोज दारावरनं जाती की. आत कशाला जायचं? जुनी खापरं हायत म्हणं."

चाळीस वर्षं झाली तिला तेरला. मी तिला मूर्तीचं सगळं सांगितलं. ती गप्प ऐकत होती. मग एवढंच म्हणाली, "इतक्या लांब जाऊन तुला आमचं गाव सापडलं व्हय?" त्यात टोमणा होता की कौतुक, मला अजून कळलेलं नाही.

चार दिवसांनी तिचा व्हॉइस नोट आला. शेजारणीला घेऊन जाऊन आली होती. फोटो नाहीत, फोन पिशवीतच राहिला म्हणाली. पण सहा मिनिटं बोलली. मातीच्या बाहुल्या बघितल्या, त्यांचे खोपे कसे बांधलेत ते सांगितलं. शंखाच्या बांगड्या बघितल्या, मणी बघितले. "असलं मणी पावसाळ्यात आमच्या रानात निघायचं रं. आम्ही लेकरं गोट्या म्हणून खेळायचो." आणि शेवटी, "दिवाळीला ये. मी दाखविते." चाळीस वर्षांत पहिल्यांदा आत गेलेली बाई आता मला गाइड करणार आहे.

परत आल्यावर सोमवारी ऑफिसच्या किचनमध्ये एका नवीन इटालियन सहकारी मुलीनं विचारलं, भारतात कुठला. मी फोनवर नकाशा उघडला आणि तेरवर बोट ठेवलं. "हे गाव. माझं शहर याच्या शेजारी, धाराशिव. तुमच्या पॉम्पेईच्या काळात आमचं कापड तुमच्याकडं यायचं." ती तीन-चार प्रश्न विचारत बसली. ‘पुण्याजवळ’ ऐकून मला आजपर्यंत कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता.

दुष्काळ खोटा नाही, यादीतलं नावही खोटं नाही. ते माहीत असूनही गावाचं नाव पूर्ण सांगता येतं, एवढंच मला त्या पायऱ्यांवर कळलं.

तर आजचा गृहपाठ. तुमच्या घरापासून पंचवीस किलोमीटरच्या आत अशी कुठली जागा आहे, जिच्या दारावरून तुम्ही शंभरदा गेलात आणि आत कधीच गेला नाहीत? या रविवारी जा. एकटे नको, घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन जा. आणि मला व्हॉइस नोट पाठवा, फोटो नसला तरी चालेल. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवीन.

आणि धाराशिवकडचे असाल तर तेरला जाताना त्रिविक्रमाचं देऊळ चुकवू नका. जुनं, विटांचं, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोल. मीही ते दिवाळीतच नीट बघणार आहे. लहानपणी तिथं फक्त लपाछपी खेळलोय.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.