खताचा कस पिकाला की पाण्याला?



शेतात घातलेले सर्व खत पिकाच्या पदरात पडते, हा समज खरा नाही. शेणखत कुजताना त्यातील नत्राचे नायट्रेट बनते. ते पाण्यात सहज विरघळते. मातीचे कण त्यास धरून ठेवू शकत नाहीत. मुळांनी ते वेळीच शोषले नाही, तर पावसाबरोबर खोल झिरपून ते विहिरीत उतरते. शेताचा कस जातो आणि पिण्याचे पाणीही बिघडते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे. ते वाढल्यास तान्ह्या बालकाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते.

हैदराबादजवळ पटानचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७६ पासून काळ्या जमिनीवर दीर्घकाळ प्रयोग चालविला. अशीच काळी जमीन मराठवाड्यातही आहे. एका क्षेत्रात जुनी वहिवाट होती : शेणखत घालावयाचे, पावसाळ्यात रान मोकळे ठेवावयाचे व रब्बीत ज्वारी किंवा हरभरा घ्यावयाचा. दुसऱ्या क्षेत्रात रुंद वरंबे व सऱ्या, सुधारित बियाणे, मोजकी खते आणि खरिपापासूनच ज्वारी-तुरीसारखी पिके होती. पहिल्या क्षेत्रात हेक्टरी सरासरी सुमारे १ टन, तर दुसऱ्यात सुमारे पावणेपाच टन धान्य मिळाले. मोकळ्या रानातून वर्षाला हेक्टरी ६ टनांहून अधिक माती वाहून गेली. सुधारित क्षेत्रातून सुमारे दीड टन.

या यशात वरंब्यांचा व बियाण्यांचाही वाटा आहे. तथापि त्यातील एक बोध स्पष्ट आहे : पाऊस पडत असताना जमिनीत जिवंत मुळे असावीत. ज्वारी वरच्या थरातील नत्र घेते. तुरीचे सोटमूळ खोल जाते व ज्वारी निघाल्यावरही आपले काम चालू ठेवते. शिवाय तूर हवेतील नत्र वापरते, म्हणून वरखताची गरज कमी भासते.

काळे रान ओले झाले की औत चालत नाही, ही शेतकऱ्यांची अडचण खरी आहे. त्यासाठी खात्रीच्या पावसाच्या भागात पावसाच्या तोंडावर धूळपेरणी करता येते. शेणखत चांगले कुजवावे, पेरणीपूर्वी पसरून लगेच मातीत मिसळावे. युरिया एकदम न देता पिकाच्या वाढीनुसार हप्त्यांनी द्यावा. उकिरडा विहिरीपासून दूर ठेवावा. गावच्या विहिरीचे पाणी तपासून घेण्याच्या कामी शिक्षकांनी व ग्रामपंचायतीने पुढाकार घ्यावा.

खत किती घातले यापेक्षा ते घेण्यास पीक उभे होते काय, याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने ठेवणे अगत्याचे आहे.