यादीतलं नाव, घरातली आठवण



मी सॉफ्टवेअरवाला, रोज याद्या आणि रकाने हाताळतो. आज एका यादीबद्दलच बोलतो.

१७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. पाठोपाठ गुप्त पोलिसांनी घरवार याद्या केल्या. १० फेब्रुवारी १९४० ला, ऐन कडाक्याच्या थंडीत, जमीन मिळालेल्या माजी सैनिकांची आणि वनरक्षकांची कुटुंबं उचलली. एप्रिलमध्ये आधीच अटकेत असलेल्यांच्या बायकामुलांची पाळी आली. जूनमध्ये पश्चिमेकडून जीव वाचवून आलेले निर्वासित नेले, त्यांत बहुतेक ज्यू होते. जून १९४१ मध्ये चौथी फेरी झाली. कुणावर खटला नाही, सुनावणी नाही. आपण कुठल्या रकान्यात आहोत, एवढाच गुन्हा! सोव्हिएत कागदांतच हा आकडा तीन लाखांवर जातो.

मालगाड्यांनी माणसं सायबेरियात, कझाकस्तानात टाकली. भुकेनं आणि टायफसनं कित्येक दगावली. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावर हल्ला केला, तेव्हा पोलिश सरकारशी करार होऊन सुटकेची वाट उघडली. १९४२ मध्ये लाखाहून जास्त सैनिक आणि नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. इस्फहाननं इतकी मुलं सांभाळली, की पोलिश लोक आजही त्याला ‘पोलिश मुलांचं शहर’ म्हणतात. तिथून काही जण आपल्याकडे आले. कोल्हापूरजवळ वळिवडे इथं १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. ते गेल्यावर त्याच छावणीत फाळणीतले सिंधी निर्वासित आले. आजचं गांधीनगर ते हेच.

युद्ध संपलं तरी बहुतेकांना घरी जाता आलं नाही, कारण त्यांची गावंच सोव्हिएत संघात गेली होती. जे पोलंडमध्ये परतले, त्यांना १९८९ पर्यंत याबद्दल उघड बोलायची सोय नव्हती. म्हणून नातवंडांच्या वाट्याला आलं ते अर्धवटच. पावाचा तुकडा टाकू न देणारी आजी, आणि कबर कुठे आहे ते माहीत नसलेले आजोबा.

आता पोलंडमध्ये अशा पीडितांची नावं ऑनलाइन शोधता येतात. त्यातली पुष्कळ माहिती त्याच पोलिसांच्या कागदांतून आली आहे. पण नुसतं नाव सापडून भागत नाही. नाव, वडिलांचं नाव, जन्मसाल, गाव जुळलं तरच ‘हेच आपले’ असं म्हणता येतं. आणि ते घरातल्या कुणीतरी सांगून ठेवलेलं असावं लागतं.

मराठवाड्यातल्या कित्येक मुस्लिम घरांत १९४८ च्या पोलीस ॲक्शनबद्दल असाच अबोला आहे. दोन्ही घटना एकसारख्या नाहीत, अबोला मात्र ओळखीचा आहे. दादी-नानी अजून आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा. नाव, गाव, साल, सोबत कोण होतं, कुणी आसरा दिला, एवढं तरी विचारा. फोनवर रेकॉर्ड करा, वहीत उतरवा. त्या गप्प राहिल्या तर जबरदस्ती करू नका, पुन्हा कधीतरी बसा.