गुंडाळलेलं हूड आणि निवारीचे पट्टे

 

आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, हे काय बायकांचं काम? विषय आहे जुन्या जीपच्या कापडी हूडचा. ते हूड मागे गुंडाळल्यावर पक्कं कसं बांधायचं, याचा. पण शिवणकाम करणाऱ्या गटांनी जरा कान देऊन ऐका. हूड कापडाचं, पट्टा निवारीचा आणि शिलाई मशीनची. मग काम कुणाचं, तुम्हीच सांगा.

आपल्यापैकी बहुतेकजणी वडापच्या जीपमधून बाजाराला गेलेल्या आहेत. मागचा पडदा वर गुंडाळून सुतळीनं बांधलेला असायचा. पावसाची सर आली की सुतळीची गाठ सुटता सुटायची नाही, आणि नको तेव्हा मात्र आपोआप सुटायची. त्या जीपा आता कमी झाल्या. ज्या उरल्या, त्या लोक हौसेनं सांभाळतात. कुणी वरातीला देतं, कुणी पर्यटकांना फिरवतं, कुणी वडिलांची गाडी म्हणून दारात उभी ठेवतं. अशा गाडीला नवं हूड लागतं, आणि ते शिवणारे कारागीर तालुक्याला शोधावे लागतात.

कापडी छत म्हणजे काही गरिबाची तडजोड नव्हे. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीनं १९४८ साली टू सीव्ही नावाची छोटी गाडी लोकांपुढे आणली. ती शेतकऱ्यांसाठीच आखलेली होती. दोन माणसं आणि ५० किलो बटाटे बसले पाहिजेत, आणि नांगरलेल्या रानातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटता कामा नयेत, अशी अट घालून ती तयार केली. तिचं छत कापडाचं होतं आणि पुढून मागे गुंडाळता यायचं. कापडामुळे वजन कमी झालं, पत्रा वाचला, आणि छत उघडलं की उंच सामानही उभं ठेवता यायचं. म्हणजे तिकडच्या शेतकऱ्याच्या घरीही छत गुंडाळायचं आणि बांधायचं काम होतंच.

आता मुद्द्यावर येऊ. गुंडाळी सैल राहिली की गाडी वेगात असताना तिच्या घड्यांत वारा शिरतो. कापड फुगतं आणि फडफडायला लागतं. प्रत्येक फडफडीचा झटका शिलाईवर बसतो. आधी दोरा तुटतो, मग कापड फाटतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, सुटलेलं कापड मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जाऊ शकतं. मागे बाळाला घेऊन बाई बसलेली असेल तर काय होईल, याचा विचार करा. म्हणून बांधणी नुसती दिसायला नीट असून चालत नाही. त्यात जिवाचा प्रश्न आहे.

आधी गुंडाळायचं कसं, ते सांगते. हूड पूर्ण वाळलेलं हवं. ओलं गुंडाळलं की बुरशी धरते, काळे डाग पडतात आणि सुती कॅनव्हास कुजतो. माती, खडे झटकून घ्या. पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी असेल तर तिच्यावर मऊ फडकं पसरा, आणि तिला घडी पडू देऊ नका. घडीवरच ती पुढे तडकते. मग दोघींनी दोन बाजूंना उभं राहून, सतरंजी गुंडाळतो तसं, एकाच गतीनं पुढून मागे गुंडाळत जायचं. एक बाजू पुढे गेली की गुंडाळी तिरकी होते आणि तिरक्या गुंडाळीवर पट्टा टिकत नाही, सरकतो. दर वेढ्याला हातानं दाबून आतली हवा काढायची.

बांधायला सुतळी नको. ती कापडाला काचते, आणि ओली झाली की एक तऱ्हा, वाळली की दुसरी. टायरच्या ट्यूबची पट्टीही नको. उन्हात रबर मरतं, आणि कापडावर काळे वण उठतात. आकडे असलेली ताणाची रबरी दोरी तर नकोच. आकडा निसटला तर थेट डोळ्यावर येतो.

त्याऐवजी निवारीचा पट्टा आणि बक्कल. निवार पॉलिस्टरची मिळाली तर उत्तम, कारण नायलॉन ओलं झालं की जरा ताणतं. रुंदी एक ते दीड इंच. लांबी अंदाजानं कापू नका. हूड घट्ट गुंडाळून त्याच्याभोवती दोरी फिरवून माप घ्या. त्यात बकलासाठी आणि ओढायला वीतभर वाढवा, शिलाईत जाणारं वेगळं धरा. कापलेलं टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ नेऊन वितळवून घ्या, म्हणजे धागे सुटत नाहीत. हे करताना खिडकी उघडी ठेवा आणि वितळलेल्या टोकाला बोट लावू नका.

पट्टा हूडला जोडताना खरी मेख आहे. नुसत्या एकेरी कापडावर शिवला तर पट्टा शाबूत राहतो आणि कापडाचा तुकडा निघून येतो. म्हणून आतून कॅनव्हासचं चांगलं तळहाताएवढं ठिगळ द्यायचं, आणि त्याच्यासकट पट्टा शिवायचा. शिलाई चौकोनी घालायची आणि चौकोनात फुली मारायची. ओढ चारी बाजूंना वाटली जाते. दोरा पॉलिस्टरचा, कारण सुती दोरा पावसापाण्यात लवकर कुजतो. सुई जाड, १८ नंबरची किंवा त्याहून मोठी. टाके फार जवळजवळ नकोत. जवळ टाके म्हणजे कापडाला भोकांची रांग, आणि कापड नेमकं तिथेच फाटतं. घरच्या मशीनवर चार पदर जात नसतील तर जबरदस्ती करू नका, सुई तुटून उडते. गटात अंब्रेला मशीन असेल तर हे काम तिच्यावर घ्या.

पट्टे किमान दोन. हूड रुंद असेल तर मध्ये तिसरा. बांधताना मधला आधी, मग कडेचे. बक्कल रंगावर घासणार नाही अशा बेतानं ठेवायचं. पट्ट्याचं उरलेलं शेपूट आत खोचायचं, लोंबतं ठेवायचं नाही. आणि गाडीमालकाला सांगून ठेवायचं की, थोडं अंतर गेल्यावर गाडी थांबवून पट्टे पुन्हा एकदा ओढा. कापड बसतं आणि पट्टा सैल पडतो.

आता पैशाचं बोलू. आमच्या गटाकडे एक जीपवाले दादा आले होते. हूड दुसरीकडून शिवून आणलेलं, कापड चांगलं, पण पट्टेच नव्हते. ट्यूबच्या पट्टीनं बांधलं होतं, ते घाटात सुटलं आणि शिवणीवर फाटलं. आमच्या बायकांनी ठिगळ लावून तीन पट्टे शिवून दिले. दादा म्हणाले, "ताई, पट्ट्यांचे कसले वेगळे पैसे? शिलाईतच धरा की." तेव्हा आमच्यातल्या एक मावशी काही न बोलता वही घेऊन बसल्या. निवार इतकी, बकलं इतकी, ठिगळाचा कॅनव्हास, दोरा, वीज, दोघींचा वेळ, असं एकाखाली एक लिहून वही दादांपुढे सरकवली. दादांनी वाचलं आणि पैसे दिले. वर म्हणाले, आधीच्यानं हे केलं असतं तर हूड फाटलं नसतं.

मैत्रिणींनो, आपल्या कामात असे पट्टे पुष्कळ असतात. ब्लाउजचे हूक, पिशवीचा बंद, उशीच्या खोळीची नाडी. शेवटचं, छोटं, "घालून द्या की" म्हणून मागितलेलं. पण अख्खी वस्तू टिकते ती त्याच्यावर. जे काम वस्तू वाचवतं, ते फुकटात जाता कामा नये. दर सांगताना पट्ट्याची ओळ वेगळी लिहा, आणि ती ओळ वाचून दाखवायला लाजू नका.

येत्या बैठकीत एवढं करा. घरात पडलेल्या जाड कापडाचा तुकडा घ्या, त्याला ठिगळ द्या, पट्टा शिवा, चौकोनात फुली मारा, आणि दोघींनी दोन्हीकडून ओढून बघा. तुटला तर कुठे तुटला ते पाहा आणि पुन्हा शिवा. टिकला, की मग तालुक्याच्या गॅरेजवाल्याला आणि ताडपत्री विकणाऱ्या दुकानदाराला नमुना दाखवायला जा. एकट्या जाऊ नका, दोघीतिघी मिळून जा.